पाऊस नाही, तिथे छप्पर कशाला?

दोस्तांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका कपाटात उभे आहात. भिंतीतलं भलंमोठं कपाट. आत मिट्ट काळोख. हाताला मऊ मऊ काहीतरी लागतंय. बहुतेक कोट टांगलेले असावेत. तुम्ही चाचपडत दार ढकलता, आणि काय! समोर मोठा दिवाणखाना. तिथे दहा-बारा माणसं गप्पा छाटत बसली आहेत. त्यातला एक जण वळून म्हणतो, "या, या! नवीन दिसताय!"

आता गंमत ऐका. ते कपाट खरं म्हणजे कुठेच नाही. दिवाणखानाही नाही. गप्पा मारणाऱ्यांपैकी एक जण अमेरिकेत आपल्या खोलीत बसलाय, तर दुसरा तिथून हजारो मैल लांब. आणि तुम्हाला वाटत असेल, की संगणकाच्या पडद्यावर हे सगळं झकास रंगीत दिसत असणार! छे हो! पडद्यावर एकसुद्धा चित्र नाही. आहेत ते नुसते शब्द. "दार उघड" असं टाइप करायचं, की पुढच्या खोलीचं वर्णन पडद्यावर येतं. ते वाचायचं आणि मनातल्या मनात बघायचं.

हे कपाट १९९० साली तयार झालं. ते तयार करणाऱ्या संगणकतज्ज्ञाचं नाव पावेल कर्टिस. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ते काम करत होते. आपण राहतो त्याच घरावरून त्यांनी हे शब्दांचं घर रचलं, संगणकात घातलं आणि जगाला आमंत्रण दिलं, या आमच्याकडे! या घराचं नाव 'लॅम्डामू'. नवा पाहुणा आला, की तो आधी त्या कोटांच्या कपाटात उगवायचा!

तुम्ही म्हणाल, "हा तर खेळ झाला. यात शिकण्यासारखं काय आहे?"

अगदी हाच प्रश्न मोठमोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनाही पडला होता बरं का! पुढे त्यांनी अशा आभासी जगांत वर्ग भरवले, प्रयोगशाळा उभ्या केल्या, सबंध विद्यापीठं बांधली. त्यातली काही ओस पडली, तर काही मस्त गजबजली. असं का झालं असेल? चला, शोधू या.

चिखलातून सुरुवात

थोडं मागे जाऊ. १९७८ साल. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाचा एक विद्यार्थी होता. त्यानं संगणकावर एक जादूची नगरी लिहायला घेतली. पुढे रिचर्ड बार्टल या त्याच्या मित्रानं ती वाढवली. तोवर संगणकावरचे असे खेळ एकट्यानं खेळायचे असत. इथे मात्र एकाच वेळी अनेक जण त्या नगरीत शिरू शकत. एकमेकांना भेटत, बोलत, भांडतसुद्धा! या खेळाचं नाव होतं 'मड'. इंग्रजीत मड म्हणजे चिखल. पण इथे ती होती तीन शब्दांची आद्याक्षरं. त्यांचा अर्थ साधारण असा, की पुष्कळांनी मिळून हिंडायचं तळघर.

या चिखलातून पुढे पुष्कळ जगं उगवली. लॅम्डामू हे त्यातलंच. त्याच्या नावातला 'मू' म्हणजे इंग्रजीत गाईचं हंबरणं! हे लोक नावं ठेवण्यात मोठे वात्रट दिसतात, नाही का?

पण लॅम्डामूमध्ये एक मोठी गोष्ट होती. तिथे आलेला पाहुणा नुसता हिंडायचा नाही, तर स्वतः नवीन खोली बांधू शकायचा. बांधायची कशी? लिहून! खोली कशी आहे, दारं कुठे आहेत, टेबलावर काय ठेवलंय, हे सगळं शब्दांत लिहायचं. शिवाय थोडं प्रोग्रामिंग शिकलं, की टेबलावरची घंटा वाजायचीसुद्धा.

एमी ब्रकमन या तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत शिकत होत्या. त्यांनी हे हेरलं. १९९३ साली त्यांनी 'मीडियामू' नावाचं जग सुरू केलं. ते खेळायला नव्हतं, तर संशोधकांना एकत्र यायला होतं. वेगवेगळ्या गावचे संशोधक वर्षातून एकदा परिषदेत भेटतात, हस्तांदोलन करतात आणि आपापल्या गावी परततात. त्यांना रोज भेटायला एखादा कट्टा असला तर? मीडियामू म्हणजे असा कट्टा. निबंधलेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांची तर तिथे दर मंगळवारी बैठक जमायची. तिचं नावच होतं 'मंगळवारचं उपाहारगृह'. चहा नाही, खुर्ची नाही, बशी नाही, तरी मंडळी हजर!

मग ब्रकमनबाईंनी विचार केला, मोठ्यांनाच का, मुलांनाही असं जग हवं. म्हणून त्यांनी 'मूस क्रॉसिंग' तयार केलं. मूस हे एक मोठ्या शिंगांचं सांबरासारखं जनावर. या जगात मुलं स्वतः प्राणी, घरं, वस्तू लिहून तयार करत. समजा, एखादीनं पेंग्विन बनवला. त्याला "मासा दे" म्हटलं तर त्यानं काय करायचं? पंख फडफडवायचे, की तोंड फिरवायचं? हे तिनंच ठरवायचं आणि त्याचा प्रोग्राम लिहायचा. अडलं तर? शिक्षकांना विचारण्याआधी शेजारच्या मुलाला विचारायचं. तो शेजारी कदाचित दुसऱ्याच शहरात असायचा! काही बनवायचं तर आधी नीट लिहायला हवं, आणि दुसऱ्यानं बनवलेलं बघायचं तर वाचायला हवं. म्हणजे मुलं लेखन, वाचन आणि प्रोग्रामिंग एकदम शिकत होती, आणि त्यांना वाटत होतं आपण मजा करतोय!

हा धागा लक्षात ठेवा हं. पुढे कामाला येणार आहे.

अवतार आले!

मग संगणक वेगवान झाले. शब्दांच्या जागी चित्रं आली. जून २००३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या लिंडन लॅब या कंपनीनं 'सेकंड लाइफ', म्हणजे 'दुसरं आयुष्य', नावाचं जग लोकांसाठी खुलं केलं. इथे डोंगर, समुद्र, सूर्यास्त, सगळं दिसायचं. या जगात तुमच्यासाठी एक बाहुला असतो. तुम्ही कळ दाबली, की तो चालतो. त्याला म्हणतात 'अवतार'. हा शब्द आपल्याला का कोणी शिकवायला हवा? आपल्याच घरातून तो तिकडे गेलाय!

हा अवतार मोठा भाग्यवान. त्याला तहान लागत नाही, पाय दुखत नाहीत. आणि तो चक्क उडतो! एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात प्रकट होतो, नारदमुनींसारखा. तिथल्या इमारती, झाडं, कपडे, बहुतेक सगळं तिथे येणाऱ्या लोकांनीच बनवलेलं. ठोकळे, गोळे, नळकांडी असे साधे आकार जोडून काहीही रचायचं. जमीन मात्र कंपनीकडून भाड्यानं घ्यायची. एक पूर्ण तुकडा २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद. पाण्यात सुटा असला, की त्याला म्हणायचं बेट.

आणि विद्यापीठांनी ही बेटं घ्यायला सुरुवात केली!

२००६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक आगळा वर्ग भरला. कायद्याचे प्राध्यापक चार्ल्स नेसन आणि त्यांची मुलगी रिबेका, असे बापलेक मिळून शिकवत होते. कॉलेजातले विद्यार्थी नेहमीच्या वर्गात बसत. पण दूर राहून शिकणाऱ्यांसाठी रिबेका सेकंड लाइफमधल्या बेटावर वर्ग घ्यायच्या. तिथे हार्वर्डच्या न्यायालयासारख्या सभागृहाची हुबेहूब प्रतिकृती होती. एरवी दूरच्या विद्यार्थ्याला काय मिळतं? टपालानं किंवा संगणकावर आलेल्या नोट्स. तो वाचतो एकटा आणि विसरतोही एकटा! इथे मात्र तो सभागृहात उभा राहून आपली बाजू मांडत होता. शेजारी कोण उभं आहे ते दिसत होतं. वर्ग संपल्यावर रेंगाळून गप्पाही मारता येत होत्या. तुम्हाला माहीतच आहे, शाळेतल्या कितीतरी गोष्टी आपण मधल्या सुट्टीतच शिकतो!

मान टाकणारे विद्यार्थी

मग काय, अनेक विद्यापीठांनी बेटं घेतली. आणि तिथे पहिल्यांदा काय बांधलं असेल? आपल्याच आवाराची नक्कल! तेच दगडी प्रवेशद्वार, तेच जिने, त्याच बाकांच्या रांगा, समोर तोच फळा.

पण जरा थांबा. अवतार उडतो, मग जिना कशाला? त्याचे पाय दुखत नाहीत, मग बाक कशाला? तिथे मुद्दाम पाडल्याशिवाय पाऊस पडत नाही, मग छप्पर कशाला?

बरं, त्या बाकांवर बसून विद्यार्थी करणार काय? समोर प्राध्यापकांचा अवतार उभा, फळ्यावर एकामागून एक मजकूर सरकतोय, आणि हे ऐकताहेत. म्हणजे नेहमीचंच व्याख्यान. उलट इथे त्रास जास्त. चांगला संगणक हवा, वेगवान इंटरनेट हवं. एका बेटावर फार अवतार जमले, की सगळं रखडायला लागायचं.

सेकंड लाइफमध्ये एक मजेशीर सोय आहे. तुम्ही बराच वेळ कळफलकाला हात लावला नाही, की तुमचा अवतार उभ्या उभ्या मान टाकतो. जसा काही डुलकी काढतोय! विद्यार्थी पाणी प्यायला उठला आणि तिकडेच रमला, की इकडे वर्गात त्याची मान खाली. आपल्या वर्गात असं झालं असतं तर खडूचा तुकडा भिरभिरत आला असता!

व्याख्यान संपलं, की सगळे अवतार अंतर्धान पावायचे. पुढच्या वर्गापर्यंत तिथे चिटपाखरू नाही. इमारत सुंदर, पण कोणाच्या कामाची? अशी कितीतरी विद्यापीठं ओस पडली. नवलाई संपली आणि लोक म्हणू लागले, "आभासी वर्ग म्हणजे नुसतं खूळ."

पण काही बेटांवर वेगळंच घडत होतं.

वाटाण्याची बाग

टेक्सास वेस्लियन विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक मेरी अ‍ॅन क्लार्क यांनी सेकंड लाइफमध्ये एक बेट उभं केलं. नाव 'जीनोम आयलंड'. आईवडिलांचे गुण मुलांमध्ये कसे उतरतात, याचं शास्त्र तिथे शिकायचं. क्लार्कबाईंनी काय बांधलं? बाक आणि फळा? अहं! त्यांनी मठ आणि मठाची बाग बांधली. आणि बागेत लावले वाटाणे!

आता वाटाणे का? ही गोष्ट तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असेल. ग्रेगॉर मेंडेल नावाचा एक धर्मगुरू ब्रनो गावच्या मठात राहत होता. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं लावली. गोल दाण्याच्या रोपाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या रोपाशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल! सुरकुत्या गेल्या कुठे? मेंडेलनं तीच रोपं पुन्हा लावली. दुसऱ्या पिढीत सुरकुत्या परत हजर. त्यानं दाणे मोजले. गोल निघाले ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. करा बरं भागाकार! जवळजवळ तीनास एक. या साध्या मोजणीतून आनुवंशिकतेचं शास्त्र जन्माला आलं.

वर्गात आपण काय करतो? 'तीनास एक' हे पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. मेंडेलसारखं करून बघायचं म्हटलं, तर एकेका पिढीसाठी हंगामभर थांबायला हवं. तोवर सहामाही येऊन जाते! जीनोम आयलंडवर मात्र विद्यार्थी स्वतः संकर करतो, लगेच दाणे मिळतात, तो ते मोजतो, तक्ता करतो. अशा सुमारे चार डझन करायच्या गोष्टी त्या बेटावर होत्या. शिवाय ते बेट सगळ्यांना खुलं. विद्यापीठाचा विद्यार्थी नसलात तरी चालेल, या आणि वाटाणे मोजा!

इथे एक शंका तुमच्या मनात यायलाच हवी. हे दाणे तर संगणकानं बनवलेले. तीनास एक हा नियम त्यात आधीच भरलेला. मग खरं काय आणि खोटं काय?

शंका अगदी रास्त आहे. अशा बागेत मेंडेलचा नवा शोध कधीच लागला नसता. नवीन शोधासाठी खरी माती, खरा वाटाणा आणि खरी आठ वर्षंच लागतात. पण जुना शोध कसा लागला, तो लावताना काय काय करावं लागलं, हे मात्र आभासी बागेत कळतं. आणि 'तीनास एक' हे पाठ केलेलं वाक्य न राहता स्वतः मोजलेला आकडा होतो.

आता आणखी एक उदाहरण. अमेरिकेतली 'नोआ' ही समुद्राचा आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था. तिच्या बेटावर एक किनारा होता. तिथे तुमचा अवतार उभा करायचा. बघता बघता समुद्राचं पाणी मागे जायचं, तळ उघडा पडायचा, आणि मग त्सुनामीची लाट किनाऱ्यावर चढायची. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपल्याकडे तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर हजारो माणसं गेली. समुद्र अचानक मागे हटला, तर शिंपले वेचायला जायचं नाही, उंचावर पळायचं, हे एकदा असं डोळ्यांनी बघितलं तर कोणी विसरेल का? आणि खऱ्या लाटेसमोर उभं राहून तर हे शिकता येत नाही!

तिसरं उदाहरण थोडं गंभीर आहे. मनाच्या एका आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. तो घाबरतो, पुटपुटतो. आजूबाजूचे लोक मात्र त्याला हसतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात पीटर येलोलीज या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक आभासी रुग्णालय तयार केलं. खऱ्या रुग्णांनी सांगितलेले अनुभव त्यांनी त्यात घातले. तुम्ही त्या रुग्णालयात चालू लागता, आणि कोणी नसताना आवाज तुमच्याशी बोलू लागतात. डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी चार पावलांतच ओळखतो, की रुग्णाला काय होत असेल. पुस्तकातलं पानभर वर्णन वाचून जे कळत नाही, ते इथे कळतं.

आता आला का लक्षात फरक? ओस पडलेल्या बेटांवर विद्यार्थी बसत होते. गजबजलेल्या बेटांवर विद्यार्थी काहीतरी करत होते.

भाडं वाढलं आणि बेटं बुडाली

पण सगळं छान चाललं असताना एक संकट आलं.

ही बेटं हवेत नसतात बरं का. लिंडन लॅबच्या खऱ्याखुऱ्या संगणकांवर ती चालतात, आणि त्याचं दर महिन्याला भाडं पडतं. पूर्ण बेटाचं भाडं होतं महिन्याला २९५ डॉलर. शिक्षणसंस्थांना त्यात निम्मी सवलत मिळायची. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की जानेवारी २०११ पासून ही सवलत बंद! म्हणजे खर्च एकदम दुप्पट. विद्यापीठांचं वर्षाचं अंदाजपत्रक आधीच ठरलेलं असतं. मध्येच दुप्पट पैसे आणायचे कुठून?

भाड्याच्या घरातून निघताना आपण निदान आपली भांडीकुंडी घेऊन निघतो. इथे तेही सोपं नव्हतं. एकेका बेटावर अनेकांनी बनवलेल्या वस्तू असायच्या. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू उचलून बाहेर नेता येत नसे. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी रात्री जागून उभं केलेलं काम, भाडं थांबलं की पुसलं जाणार! खऱ्या जगात इमारत पडली तरी विटा उरतात. इथे तेही नाही.

कितीतरी विद्यापीठांनी बेटं सोडली. काही 'ओपनसिम्युलेटर'कडे वळली. २००७ साली सुरू झालेला हा प्रोग्राम कोणालाही फुकट घेता येतो आणि स्वतःच्या संगणकावर असंच जग चालवता येतं. म्हणजे भाड्याची खोली सोडून स्वतःचं घर! पण स्वतःचं घर म्हटलं, की नळ गळला तर दुरुस्तीही आपणच करायची. प्रत्येक विद्यापीठाला ते जमलं नाही. पुढे २०१३ साली कंपनीनं शिक्षणाची सवलत पुन्हा सुरू केली खरी, पण मोडलेला संसार पुन्हा मांडायला फार थोडे परतले.

यातून मोठ्यांनी एक धडा घेतला. तो तुम्हीही गाठीशी बांधा. आपण जे बनवतो, ते कोणाच्या जागेत बनवतो आहोत, हे आधी विचारावं. आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

टाळेबंदीतली टोपी

मग २०२० साल उजाडलं. करोनाची साथ आली. जगभर शाळा-कॉलेजं बंद. त्या वर्षी ज्यांची पदवी पुरी झाली, त्यांचं काय? चार चार वर्षं अभ्यास केला, आणि पदवीदान समारंभच नाही!

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एक शक्कल लढवली. 'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचायचा खेळ तुमच्यापैकी कितीतरी जण खेळत असतील. त्यात त्यांनी सबंध विद्यापीठ उभं केलं, ठोकळ्यावर ठोकळा रचून! शंभराहून जास्त इमारती झाल्या. नाव ठेवलं 'ब्लॉकली'. १६ मे २०२० ला तिथे पदवीदान समारंभ झाला. विद्यापीठाच्या प्रमुख ठोकळ्यांच्या रूपात आल्या आणि भाषण केलं.

आणि आपल्याकडे? २३ ऑगस्ट २०२० ला मुंबईत पवईच्या आयआयटीचा ५८ वा पदवीदान समारंभ आभासी सभागृहात झाला. प्रत्येक पदवीधराचा अवतार व्यासपीठावर आला आणि संचालकांच्या अवताराच्या हातून त्यानं पदवी स्वीकारली. घरात सोफ्यावर बसून आईबाबा, आजीआजोबा हा सोहळा बघत होते. एरवी सगळ्या नातेवाइकांना थोडंच पवईला नेता आलं असतं!

इथे एक कोडं पडतं. बर्कलीच्या मुलांनी बांधली ती तर आवाराची नक्कलच. छपरं, जिने, सगळं होतं. मग ते ओस कसं नाही पडलं?

उत्तर सोपं आहे. पूर्वीच्या त्या बेटांवर तयार इमारती विद्यार्थ्यांपुढे आणून ठेवल्या होत्या. इथे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधल्या. आपल्या वाचनालयाला खिडक्या किती? घंटाघर केवढं उंच? बघा, मोजा, वाटून घ्या, चुकलं की पाडा, पुन्हा रचा. घरोघरी कोंडून पडलेली मुलं त्या ठोकळ्यांच्या निमित्तानं एकत्र काम करत होती. छप्पर पावसासाठी नव्हतंच, ते मिळून बांधण्यासाठी होतं!

मूस क्रॉसिंगमधला पेंग्विन आठवला? तोच धागा. जग शब्दांचं असो, चित्रांचं असो की ठोकळ्यांचं, तिथे आपल्या हातानं काही बनवलं, कोणाबरोबर मिळून केलं, तर शिकणं होतं. नाहीतर पडणारच आपली मान, डुलकी आल्यासारखी!

करून बघा : कागदी जग

तुम्हाला असं जग बनवायला संगणक लागत नाही. पाच-सहा मित्रमैत्रिणी, पोस्टकार्डाएवढे कागद आणि पेन्सिल एवढं पुरे.

१. आधी विषय ठरवा. रायगड किल्ला, मधमाश्यांचं पोळं, माणसाचं पोट, काहीही चालेल.

२. प्रत्येकानं एकेक 'खोली' लिहायची. तिथे काय दिसतं, कोणता आवाज येतो, कसला वास येतो, हे पाच वाक्यांत. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, कोणत्या बाजूनं कोणत्या खोलीत जाता येतं, तेही लिहा.

३. कागदाच्या मागे एक गुपित लिहा. उदाहरणार्थ, "घंटा वाजवली तर काय होतं?"

४. एक जण 'संगणक' होईल. सगळे कागद त्याच्याकडे. दुसऱ्या वर्गातल्या मित्राला बोलवा. त्यानं कागद न बघता हुकूम द्यायचे. "उत्तरेला जा." "दार उघड." संगणकानं कागदावर लिहिलंय तेवढंच सांगायचं. लिहिलेलं नसेल तर म्हणायचं, "मला समजलं नाही!"

एक अट आहे. लिहिलेलं खरं हवं. पोळ्यातल्या खोलीला किती बाजू असतात? रायगडावर बाजारपेठ कुठे होती? ठाऊक नसेल तर पुस्तक उघडा, बाईंना विचारा, आजोबांना विचारा. मग बघा, परीक्षा नसतानाही किती अभ्यास होतो ते!

आईबाबांसाठी दोन शब्द

सेकंड लाइफसारखी खुली जगं मुळात मोठ्यांसाठी आहेत. मुलांनी तिथे एकट्यानं जाऊ नये. मुलांसाठीच्या जगातही खरं नाव, पत्ता, शाळा, फोन नंबर आणि फोटो कोणाला द्यायचे नाहीत, हा नियम घरात सगळ्यांनी पाळावा. आणि एक विनंती. मूल संगणकावर बसलं, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती वेळ झाला?" तो जरूर विचारा. पण त्याच्या जोडीला आणखी एक विचारून बघा, "आज काय बनवलंस? दाखव बरं!" उत्तर मिळालं, तर शेजारी दहा मिनिटं बसा. उत्तर मिळालं नाही, तर पतंग, लगोरी आणि मैदान आहेच!

तर मग दोस्तांनो, लागा कामाला. तुमच्या कागदी जगात किती खोल्या झाल्या आणि कोणतं गुपित सगळ्यात झकास ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, खोलीला छप्पर घालायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्हीच ठरवा!